कोपराचे दुखणे : एका निदानाचा इतिहास



स्मृतिव्याख्यान म्हटले की इतिहासातील एखादे थोर चरित्र किंवा एखादी गाजलेली लढाई हा विषय ठरलेला असतो. आज मी त्या वाटेने जाणार नाही. मी आपणांसमोर एका लहानशा, जीवघेण्या नसलेल्या, पण माणसाला चहाचा कप उचलणेही नकोसे करणाऱ्या दुखण्याचा इतिहास मांडणार आहे. कोपराच्या बाहेरच्या अंगाला होणारे हे दुखणे लोक 'टेनिस एल्बो' या नावाने ओळखतात. राजघराण्यांच्या इतिहासाइतकाच दुखण्यांचा इतिहासही उद्बोधक असतो. माणूस एखादी गोष्ट कशी पाहतो, तिला नाव कसे देतो, नाव दिल्यावर त्या नावालाच कसा भुलतो आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा डोळे उघडून कसा पाहू लागतो, हे या एवढ्याशा विषयात स्पष्ट दिसते.

आरंभ शब्दापासून करू. 'कोपर' हा आपला शब्द संस्कृत 'कूर्पर' या शब्दापासून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची गणना आहे. तीत कूर्पर हे सांध्याचे मर्म मानले असून त्याला इजा झाल्यास हात लुळा होतो असे म्हटले आहे. त्याच स्थानात स्नायूंचे वर्णन येते. फळ्या एकमेकींना दोरखंडांनी घट्ट बांधलेल्या असतात म्हणून नाव पाण्यावर माणसांचा भार वाहू शकते. त्याप्रमाणे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून देह भार सोसतो, असा दृष्टान्त सुश्रुताने दिला आहे. हाड, मांसपेशी, शिरा किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा माणसाला अधिक घातक ठरते, असेही तो बजावतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज मराठीत आपण 'स्नायू' म्हणतो ते मांसाला. सुश्रुताच्या लेखी तो मांसासाठी 'पेशी' हा शब्द वापरतो आणि 'स्नायू' म्हणजे बांधणारा, तंतुमय भाग. स्नायूंपैकी जाड, दोरासारख्या भागांना 'कंडरा' हे नाव आहे. स्नायूचा मांसल भाग जेथे संपतो आणि हाडाला जाऊन चिकटतो तो पांढरा, चिवट पट्टा म्हणजे कंडरा, या अर्थाने तोच शब्द आज मराठी वैद्यकीय परिभाषेत रूढ आहे. या व्याख्यानातही मी तो त्याच अर्थाने वापरणार आहे.

कोपराला चाचपून पाहिले तर दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन उंचवटे लागतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. मनगट आणि बोटे मागे उचलणारे बरेचसे स्नायू बाहेरच्या उंचवट्यापासून निघतात. मूठ वळवणारे आणि मनगट पुढे वाकवणारे स्नायू आतल्या उंचवट्यापासून निघतात. बाहेरच्या गटातील एक लहान स्नायू उंचवट्यापासून निघून थेट मधल्या बोटाच्या तळहाडाच्या बुडाशी जातो. आपण एखादी वस्तू घट्ट धरतो तेव्हा मनगट स्थिर राखण्याचे काम या स्नायूवर पडते. कपडे पिळताना, पान्याने नट आवळताना, हातोडा चालवताना, बादली उचलताना बोटे मिटतात खरी, पण ती मिटलेली राहावीत म्हणून हातामागून खेचणारा हा स्नायू असतो. त्याची कंडरा कोपर हलताना हाडाच्या कडेवर घासते आणि तिचा रक्तपुरवठाही बेताचाच असतो. दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. परंतु हे निश्चित व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली.

या इतिहासाचे पहिले पान इटलीत उलगडते. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) या मोदेना व पादुआ येथील वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यवसायजन्य रोगांचे शास्त्र त्या ग्रंथापासून सुरू झाले असे मानतात. १७१३ च्या आवृत्तीला जोडलेल्या पुरवणीत त्याने लेखनिकांविषयी लिहिले. दिवसभर एकाच जागी बसून, एकाच तऱ्हेने हात चालवून, चूक होऊ नये म्हणून मन सतत ताणून धरल्याने लेखनिकांचा हात थकून जातो, असे त्याने नोंदवले. आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकीकतही त्याने दिली आहे. त्या माणसाचा उजवा हात इतका निकामी झाला की त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतले. पुढे त्या डाव्या हातालाही तेच दुखणे जडले. रामाझ्झिनीचे खरे योगदान याहून मोठे आहे. हिपोक्रेटिसने वैद्याला रुग्णास विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुझा व्यवसाय काय? हा प्रश्न लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

कोपराच्या बाहेरील उंचवट्यावरच्या वेदनेचे पहिले वैद्यकीय वर्णन रुंगे नावाच्या जर्मन वैद्याचे समजले जाते. ते १८७३ सालचे आहे, आणि लक्षात घ्या, ते टेनिसविषयी नाही. ते लिहिणाऱ्यांच्या हातात येणाऱ्या वळांविषयी आहे. कारण उघड आहे. लॉन टेनिस हा खेळच तेव्हा अस्तित्वात यायचा होता. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड याने त्याचे एकस्व १८७४ साली इंग्लंडमध्ये घेतले आणि विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. पाच-सात वर्षांत हा खेळ इंग्लंडमधील सुखवस्तू घरांच्या हिरवळींवर पसरला, आणि हौशी खेळाडू कोपर धरून डॉक्टरांकडे येऊ लागले. १८८२ साली हेन्री मॉरिस याने 'लॅन्सेट'मध्ये घोडेस्वारांच्या मांडीच्या लचकीविषयी लिहिताना 'लॉन टेनिसचा हात' असा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी मेजर नावाच्या डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'लॉन टेनिसचे कोपर' या शीर्षकाचे टिपण लिहिले, आणि दुखण्याचे बारसे झाले.

नावाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. लेखनिकाचे, सुताराचे, गवंड्याचे, धुणे पिळणाऱ्या बाईचे दुखणे एका श्रीमंती खेळाच्या नावे रूढ झाले. आजही या दुखण्याने डॉक्टरांकडे येणाऱ्या बहुसंख्य लोकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. खेळाडूंना ते होतच नाही असे नाही; बॅकहँडचा फटका चुकीच्या पद्धतीने मारणाऱ्याला ते हमखास गाठते. परंतु हे दुखणे मुख्यतः पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यानच्या, हाताने वारंवार घट्ट पकड घेऊन काम करणाऱ्या माणसांचे आहे. खेळाचे नाव चिकटल्यामुळे कामगाराच्या कोपराकडे पाहणारी नजर बदलली. खेळाडूला विश्रांती घ्या म्हणून सांगता येते. रोजंदारीवर गवंडीकाम करणाऱ्याला तेच सांगणे म्हणजे चूल विझवायला सांगण्यासारखे असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यांनी दुखण्याची नेमकी जागा शोधायला सुरुवात केली आणि ज्याला जे सापडले ते त्याने कारण म्हणून सांगितले. १९२२ साली बॉस्टनच्या रॉबर्ट ऑसगुडने सांध्यालगतच्या द्रवपिशवीला दोषी ठरवले. कोणी हाडाच्या आवरणाला, कोणी सांध्यातील अस्तराच्या घडीला, तर कोणी मज्जातंतूला. निदानांची संख्या वाढत गेली तसतशी उपायांचीही वाढत गेली.

याच काळात इंग्लंडमध्ये आणखी एक प्रवाह वाहत होता, तो हाडवैद्यांचा. सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यविशारदाने १८६७ साली आपल्या विद्यार्थ्यांपुढे हाडवैद्य बरे करतात त्या रुग्णांविषयी एक व्याख्यान दिले. त्यांच्या चुकांना हसू नका, त्यांना जे साधते ते शिकून घ्या, असे त्याचे सांगणे होते. आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांची तालमीबरोबरच हाडवैद्यकीतही ख्याती होती. १९२८ साली मिल्स या ब्रिटिश शल्यवैद्याने कोपर ताठ करून, मनगट दुमडून, हात आत वळवून एक झटका देण्याची पद्धत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली. हाडवैद्याच्या हातातील युक्ती अशा रीतीने शास्त्राच्या पानांवर आली. मिल्सच्या नावाची एक चाचणी आजही वापरात आहे.

१९३६ साली लंडनच्या जेम्स सायरिअॅक्सने या विषयावरील तोवरचे लेखन एकत्र करून एक विस्तृत निबंध लिहिला. मूळ बिघाड मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या उगमापाशी आहे, असे त्याने ठामपणे मांडले. त्याचे दुसरे निरीक्षण असे की, काहीही केले नाही तरी हे दुखणे बहुतेक रुग्णांत सुमारे वर्षभरात आपोआप ओसरते. या दुसऱ्या निरीक्षणाकडे पुढील पन्नास वर्षे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. जे दुखणे आपोआप बरे होते त्यावर कोणताही उपाय केला तरी यश येतेच, आणि वैद्य व रुग्ण दोघेही ते यश उपायाच्या पदरात टाकतात. एवढे उपाय टिकून राहिले त्याचे एक मोठे कारण येथे आहे.

आता या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरणाकडे येऊ. शतकाच्या सुरुवातीपासून या दुखण्याला जे शास्त्रीय नाव रूढ झाले त्याच्या शेवटी 'आयटिस' हा प्रत्यय होता. वैद्यकीय भाषेत त्याचा अर्थ दाह, म्हणजे सूज, लाली, उष्णता यांसह पेटलेली ऊती. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांधेदुखीच्या रुग्णावर कॉर्टिझोनचा पहिला प्रयोग केला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दाह शमवणारे असे प्रभावी औषध हाती आल्यावर ज्या ज्या रोगाच्या नावात दाह होता तेथे ते टोचले जाणे स्वाभाविक होते. कोपरात सुई टोचली की आठवड्याभरात वेदना कमी होई. रुग्ण खूश, डॉक्टर समाधानी. काही महिन्यांनी दुखणे परत आले तर दुसरी सुई.

पण तेथे दाह होता का? या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले. १९७९ साली अमेरिकेतील रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन यांनी आपल्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला. डिसेंबर १९७१ ते ऑक्टोबर १९७७ या काळात त्यांनी १,२१३ रुग्णांचे कोपर तपासले होते. त्यांपैकी केवळ ८२ रुग्णांच्या ८८ कोपरांवर शस्त्रक्रिया करावी लागली. काढलेल्या ऊतीत दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. कंडरेचे तंतू एकमेकांस समांतर राहण्याऐवजी विस्कटलेले होते, त्यांत अपरिपक्व पेशी आणि नव्या, कामास न येणाऱ्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. म्हणजे कंडरा पेटलेली नव्हती. वारंवार सूक्ष्म इजा होऊन तिची दुरुस्ती अर्धवट राहिली होती. नदीकाठचा बांध दर पावसाळ्यात थोडा फुटावा आणि घाईघाईने बुजवलेली माती पुढल्या पावसाआधी दबू नये, तशी ही अवस्था. यात विझवण्याजोगी आग नव्हतीच. गरज होती ती माती दाबून बसवण्याची.

यापुढचा टप्पा तुलनात्मक चाचण्यांचा. २००२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी १८५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला कॉर्टिकोस्टेरॉइडची सुई दिली, दुसऱ्याला भौतिकोपचार दिले आणि तिसऱ्याला थोडा सल्ला देऊन वाट पाहायला सांगितले. सहा आठवड्यांनी सुईच्या गटात ९२ टक्के रुग्णांना यश मिळाले होते. भौतिकोपचाराच्या गटात ४७ आणि वाट पाहणाऱ्यांत ३२ टक्के. येथेच थांबले असते तर सुई जिंकली असती. पण संशोधक थांबले नाहीत. वर्ष पूर्ण झाल्यावर चित्र उलटले होते. भौतिकोपचार ९१ टक्के, वाट पाहणारे ८३ टक्के आणि सुई ६९ टक्के. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांच्या चाचणीतही हेच दिसले. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांचे दुखणे उलटले, तर औषधविरहित सुई मिळालेल्यांत केवळ १२ टक्क्यांचे. जी सुई पहिल्या महिन्यात मित्र वाटते ती वर्षाअखेर वैरी ठरते.

शस्त्रक्रियेचीही परीक्षा झाली. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील एका लहान चाचणीत २६ रुग्णांपैकी निम्म्यांवर रूढ शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांच्या त्वचेवर छेद घेऊन कंडरेला हात न लावता ती शिवून टाकली. दोन्ही गट सारखेच सुधारले. रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणूंचा अंश टोचण्याची पद्धत या शतकाच्या आरंभी फार गाजली. परंतु २०२१ साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा जो आढावा घेतला त्यात तिचा लक्षणीय लाभ दिसून आला नाही.

मग आज जाणता वैद्य काय करतो? प्रथम तो ऐकतो. वेदना बाहेरच्या उंचवट्यापाशी सुरू होऊन हाताच्या मागील बाजूने उतरते का, हस्तांदोलन करताना किंवा दाराची मूठ फिरवताना ती उसळते का, हे विचारतो. नंतर उंचवट्यावर आणि त्याच्या किंचित पुढे दाबून पाहतो. मूठ वळवून मनगट वर उचलायला सांगतो आणि स्वतः ते खाली दाबतो. मधले बोट ताठ धरायला सांगून त्यावर दाब देतो. हात पालथा धरून खुर्ची पाठीकडून उचलायला सांगतो. या साध्या चाचण्यांत तीच ओळखीची वेदना उमटली तर निदान बहुतेक पक्के होते. क्ष-किरणांत सहसा काही दिसत नाही. ध्वनिलहरींची किंवा चुंबकीय चित्रणाची तपासणी शंका असेल तेव्हाच उपयोगी पडते, कारण मध्यमवयात न दुखणाऱ्या कोपराच्या कंडरेतही बदल दिसू शकतात.

शंका कोठे घ्यावी हेही माहीत असणे आवश्यक आहे. मानेतील मज्जातंतू दबला तरी वेदना कोपराबाहेर येते. अशा वेळी मान फिरवताच ती वाढते किंवा बोटांना मुंग्या येतात. आतल्या उंचवट्यावर दुखत असेल तर दुसऱ्या गटाची कंडरा जखमी असते. त्याला गोल्फचे नाव मिळाले आहे. करंगळी बधिर होत असेल तर शेजारून जाणारा मज्जातंतू तपासावा लागतो. आणि जड वजन उचलताना कोपराच्या पुढील भागात 'कट्' असा आवाज होऊन दंडाचा स्नायू वर गोळा झाला तर ती कंडरा हाडापासून सुटलेली असते. काटकोनात वाकवलेल्या हाताच्या पुढून, बाहेरच्या अंगाने बोट अडकवून ती दोरी सापडते का ते पाहावे, ही साधी चाचणी २००७ साली ऑड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. येथे मात्र वाट पाहणे हानिकारक आहे. काही आठवडे गेले की कंडरा आक्रसते आणि जोडणे अवघड होते. सर्व कोपरदुखीला एकच संयमाचा उपदेश लागू पडत नाही. म्हणूनच निदानाचे महत्त्व.

नेहमीच्या कंडरेच्या दुखण्यात उपचाराचा गाभा तीन गोष्टींचा आहे. ज्या हालचालीने वेदना उसळते ती पूर्ण बंद न करता तिचा भार कमी करणे, ही पहिली. वस्तू पालथ्या हाताने न उचलता तळहात वर करून उचलणे, हत्याराची मूठ योग्य जाडीची ठेवणे, काम मध्ये मध्ये थांबवणे असे हे बदल असतात. मनगट उचलणाऱ्या स्नायूंना हळूहळू वाढता भार देणारा व्यायाम, ही दुसरी. लहान वजन हातात घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा हा व्यायाम आठवड्यांमागून आठवडे करावा लागतो. तिसरी गोष्ट काळ. दहापैकी आठ-नऊ रुग्ण वर्षभरात सुधारतात. कोपराखाली बांधायचा पट्टा काहींना आराम देतो. तो १९७१ पासून प्रचारात आहे.

ग्वाल्हेरच्या रसिकांना सचिन तेंडुलकरची आठवण या विषयात येणे अपरिहार्य आहे. ऑगस्ट २००४ मध्ये त्याचे डावे कोपर दुखू लागले. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटीच्या वरच्या टोकावर असतो आणि फटक्याची दिशा तोच राखतो. त्यात सचिनची बॅट नेहमीपेक्षा जड. मुंबईतल्या घराघरांत, आणि आपल्या मराठी घरांतही, 'टेनिस एल्बो' हा शब्द त्या वर्षी पोहोचला. मे २००५ मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपुरात श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून तो परतला. पुढे २४ फेब्रुवारी २०१० रोजी याच शहरातील कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. ज्या कोपराविषयी देशभर चिंता होती त्याच कोपराने तो १४७ चेंडू खेळला. त्याच्या परतण्यात शस्त्रक्रियेचा वाटा किती आणि महिनोन्महिने केलेल्या सरावाचा व विश्रांतीचा किती, हे एका उदाहरणावरून ठरवता येत नाही. चाचण्यांची गरज असते ती याचसाठी.

परंतु सचिनला ते महिने मिळू शकले. या शाळेच्या भिंती बांधणाऱ्या गवंड्याला, फळा लिहून लिहून हात भरून आलेल्या शिक्षिकेला, सकाळी चार घरची धुणी पिळणाऱ्या बाईला ते मिळत नाहीत. सहा आठवडे बरे वाटायला लावणारी सुई त्यांना का हवीशी वाटते, हे समजून घेतल्याशिवाय वर्षाअखेरचे आकडे त्यांच्यापुढे ठेवणे निरुपयोगी आहे. सहा आठवड्यांची मजुरी हीसुद्धा एक संख्या आहे, आणि ती यशाच्या या टक्केवारीत दिसत नाही. म्हणून वैद्याचे काम सुई नाकारून संपत नाही. कामात कोणता बदल शक्य आहे, घरातील दुसरे कोण ओझे उचलू शकते, मालकाला काय सांगता येईल, हेही त्याने पाहिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण पुढे वैद्यकाकडे वळतील. बाकीचे शिक्षक, अभियंते, कारखानदार, गृहिणी होतील. रामाझ्झिनीने तीनशे वर्षांपूर्वी वाढवलेला तो प्रश्न प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. समोरच्या माणसाचा हात दुखत असेल तर त्याला दुखण्याचे नाव सांगण्याआधी विचारा, तुम्ही काय काम करता? उत्तर ऐकताना घाई करू नका. कंडरेला सांधायला वेळ लागतो, तसा माणसाला आपले काम सांगायलाही लागतो. तो वेळ देण्याची सवय या वयात लागावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे विवेचन पुरे करतो.